टेबलात रोवलेला विळा
सोंगलेल्या, नुकत्या कापलेल्या सोयाबीनचा वास आला की मला मालेगावजवळच्या आमच्या गावच्या शाळेतलं हेडमास्तरांचं टेबल आठवतं. सहावीतली आमची लेक आठवीची गणितं सोडवायची आणि स्वतःच्या वर्गात कंटाळून रडायची. गणिताच्या तासापुरतं तिला आठवीत बसवा, एवढंच मी मागत होतो. "मोठ्या पोरांत दबून जाईन पोरगी," हेडमास्तर म्हणाले. तेवढ्यात माझी बायको सोंगणी सोडून थेट आत आली आणि हातातला विळा तिनं खाडकन टेबलात रोवला. काच फुटली, शिपाई कपाटामागे गेला. "बसवता का नाई?" तिनं विचारलं. हेडमास्तर पुटपुटले, "परीक्षा घेऊन पाहतो, बाई." "घ्या. तोवर विळा इथंच राहीन." लेक पास झाली, आठवीत बसली. बायको मात्र आजही पाहुण्यांना सांगते, "म्या सरांले गोडीनं समजावून सांगतलं," आणि मी मुकाट्यानं मान डोलावतो.