धुरपताबाईची अकरा घरं

चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, संपत आली, की फादर देविदास चष्मा लावून सूचना वाचायचे. तोवर निम्म्या लोकांचं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे गेलेलं असायचं. धुरपताबाई मात्र पदर सावरून ताठ बसायची. बुधवारी जपमाळ कुणाच्या घरी, कुणाचं लग्न ठरलं, सणाच्या जेवणाला भाजी चिरायला कोण कोण येणार, सगळं ती कानात साठवून घ्यायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जळकोटकडची पोर लग्न होऊन लातुरात आली आणि तीस वर्षं डाळ मिलमध्ये खडे निवडत बसली. शाळेचं तोंड तिनं पाहिलंच नाही.

चर्चमधून निघाली की ती घरी जात नसे. मिलच्या मागच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली, गुडघ्यांनी बसवलेली, डोळ्यांनी अधू झालेली जी माणसं होती, त्यांच्या दारोदार जाऊन ती सूचना सांगायची. याची सुरुवात साखराबाईपासून झाली. अर्धांगवायूनं पडलेली ही शेजारीण एकदा तिला म्हणाली होती, "मला कुनी काहीच सांगत न्हाई गं. मी मेलेय व्हय?" त्या दिवशी धुरपतानं तिच्या उशाशी बसून अख्खी मिस्सा सांगितली. साखराबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण तोवर एकाची अकरा घरं झाली होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला गडबड झाली. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद द्यायला फादर गुरुवारी निघणार होते. धुरपतानं शिवप्पांना मंगळवार सांगितला.

शिवप्पा चौऱ्याऐंशीचे. जुन्या रीतीचा माणूस, ख्रिस्तप्रसाद उपाशीपोटीच घेणारा. मंगळवारी पहाटे अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, पाण्याचा घोटही न घेता दारात खुर्ची टाकून बसले. आत सुनेनं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, मेणबत्ती ठेवली. दिवस कलला तरी म्हातारा उठेना.

बुधवारी सकाळी शिवप्पांचे शेजारी, रिक्षावाले गफूरभाई, धुरपताला रस्त्यात भेटले. "मावशी, काल आप्पा दिवसभर उपाशी बसले होते. तुमचे फादर आलेच नाहीत."

ती तशीच चर्चवर गेली. "फादर, माझ्यामुळं म्हाताऱ्या माणसाला उपास घडला," ती म्हणाली.

"असू द्या हो, मी आजच जाऊन येतो त्यांच्याकडे," फादर म्हणाले. मग तिच्या सुजलेल्या पावलांकडे बघत मायेनंच बोलले, "आणि आता सगळं फोनच्या ग्रुपवर जातंच की. तुम्ही उन्हातान्हात कशाला हिंडता? आराम करा."

धुरपतानं मान हलवली. फादरांचं बोलणं मायेचं होतं, हे तिलाही कळत होतं. पण घरी येऊन चूल पेटवायचंही तिच्या मनात येईना. पुढचे दोन रविवार ती मिस्सेला गेली आणि खाली मान घालून सरळ घरी आली. दुपार काही केल्या सरत नव्हती.

तिसऱ्या रविवारी फादरांनी सूचनांचा कागद उघडला आणि दारात रिक्षा थांबली. गफूरभाईंच्या खांद्यावर हात टाकून शिवप्पा उतरले. चार वर्षांत त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती. सगळं चर्च मागं वळून बघायला लागलं. धुरपता लगबगीनं उठली.

"आप्पा, तुमी कशाला आलाव?"

"तू येईनास. म्हणलं आपणच जावं."

"फोनवर येतंय की सगळं."

"येतंय. सून वाचती अन् आत जाती. तिला कामं हायती. मला इचारायचं असतंय, पोरगी कुठं दिली, कोण आजारी हाय, कुनाचा आवाज बसलाय. ते फोनला कसं इचारू?"

"माझ्याकडनं लई मोठी चूक झाली, आप्पा."

"झाली की. भूकबी लई लागली व्हती." म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "पर त्या दिशी मी सकाळधरनं दारात बसलो. येणारा-जाणारा थांबून बोलला. येवढी मानसं मला वरीसभरात भेटली न्हवती."

धुरपतानं पदर तोंडाला लावला. फादर वेदीवरून खाली आले होते. "चुकलो मीच, धुरपताबाई," ते म्हणाले. "मला वाटलं, पाय दुखतात तर तुम्हाला बरंच वाटेल."

"पाय दुखतेतच," ती म्हणाली. "घरी बसूनबी दुखतेत."

तेव्हापासून मिस्सा झाली की धुरपता आधी फादरांपुढं उभी राहते आणि सगळ्या सूचना त्यांना म्हणून दाखवते. चुकलं की फादर बोट वर करतात. पहिल्याच दिवशी सणाच्या जपमाळेची वेळ तिनं पाच सांगितली. बोट वर झालं. "साडेपाच," तिनं स्वतःच दुरुस्त केलं आणि निघाली.

त्या दुपारी शिवप्पांचं घर शेवटचं होतं. शेजारच्या ओट्यावर गफूरभाईंची आई, वहिदाबी, लसूण सोलत बसली होती. तिचा चर्चशी काही संबंध नाही, पण कान इकडेच होते.

"सणाला जेवायला काय है?" तिनं मध्येच विचारलं.

"वरण-भात, वांग्याची भाजी."

"फोडणी कौन देणार?"

"आमच्या चर्चमधली बबिता."

"तिचा हात मिठाला जड है. मी येऊन उभी राहते."

शिवप्पा खोकत खोकत हसले. सुनेनं चहा आणून ठेवला. धुरपता उंबऱ्यावर पाय पसरून बसली, बशीत चहा ओतला.

"हं, आता पयल्यापासून सांग," शिवप्पा म्हणाले. "हिच्या वांग्यापायी माझं निम्मं ऐकायचं राहिलं."