शोमरोनी स्त्रीचा हात

झिंडेलफिंगेनहून सुजाताचा फोन आला तेव्हा मी ड्युसेलडॉर्फच्या घरी एकटाच होतो. "दादा, मिलिंद गेला. काल दुपारी... हार्ट अटॅक," एवढंच ती बोलली. तिचा नवरा, एकेकाळचा माझा सहकारी; त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील झालं, मी मागच्या रांगेत उभा होतो. "एका फ्रेंच चित्राचं काम बिघडवलं म्हणे, नाहीतर मोठा माणूस झाला असता," असं कोणीतरी हळहळून म्हणालं. मी ऐकून घेतलं. त्याला सहा आठवडे झाले. मिलिंदने चित्र बिघडवलं हे खोटं आहे, आणि ते मी लिहिलेलं आहे.

आठ वर्षांपूर्वी, मार्क जाऊन युरो आला त्या वर्षी, जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते अठराव्या शतकातलं चित्र आलं. दमलेला येशू विहिरीच्या कठड्यावर बसून शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतोय. तिच्या लोकांच्या भांड्यातलं पाणी येशूचे यहुदी लोक पीत नसत, म्हणून ती चकित होऊन बघतेय. मिलिंद नागपूरचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि कामात माझ्याहून कितीतरी हलक्या हाताचा. चित्र बघताच म्हणाला, "दादा, ही तर आमच्या वस्तीतली बाई! बघा, विचारतेय, माझ्या हातचं चालेल ना?"

"मला तुझ्या हातचा चहा रोज चालतो की."

"चालतो. पण कप आधी स्वतः विसळून घेता तुम्ही." तो हसला, मीही हसलो. ती माझ्या पुण्याच्या घरची सवय. त्याने पाहिली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

चित्रातल्या त्या स्त्रीची आकृती साफ करायचं काम मिलिंदकडे होतं. तिच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पातळ तपकिरी थर होता. मला ते जुनं, काळवंडलेलं व्हार्निश वाटलं. "हात लावू नका," मिलिंद म्हणाला. "तो मळ नाही, सावली आहे. चित्रकारानेच दिलीय." दुसऱ्या दिवशी तो जेवायला खाली गेला असताना मी कापसाचा बोळा द्रावणात बुडवला आणि तो हात पुसायला घेतला. बोळ्यावर रंग उतरला की थांबायचं, हे मीच नवख्यांना शिकवायचो. मी थांबलो नाही... हात पांढराफटक उरला.

रोजच्या कामाची नोंद मी लिहायचो. तिची प्रत चित्राबरोबर संग्रहालयात जायची. त्या दिवशी 'उजवा हात, सफाई' यापुढे मी मिलिंदचं नाव घातलं. वर्कशॉपच्या मालकाने तो पुसलेला हात पाहून दोघांना बोलावलं. "मी नाही केलं," मिलिंद म्हणाला. मालकाने वही माझ्यापुढे सरकवली. नोंद बरोबर आहे का? मिलिंद माझ्याकडे बघत होता.

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर.

त्याची नोकरी गेली. पुढे तो मोटारीच्या कारखान्यात नव्या गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे शोधायचा. नंतर एकदाच, एका लग्नात भेटला. "नमस्कार, सर," म्हणाला आणि पुढे गेला.

गेल्या आठवड्यात मी सुजाताकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांची मुलगी दारात उभी होती. तिला मराठी कळतं. "वारुम?" तिने विचारलं. का? निवृत्तीला चार वर्षं उरली होती, तो तरुण होता, त्याला दुसरं काम मिळेल असं वाटलं... असलं काहीतरी मी बोललो. पण वर्कशॉपमध्ये आम्ही पाचजण होतो. त्याचंच नाव का सुचलं, हे मला ठाऊक आहे, आणि ते त्या मुलीपुढे माझ्या तोंडून निघालं नाही.

"आम्हाला सांगून काय, सर?" सुजाता म्हणाली. "जिथे लिहिलंय तिथे जाऊन सांगा."

परवा संग्रहालयात गेलो. फाइली सांभाळणाऱ्या तरुण बाईंनी माझं सहीचं निवेदन वाचलं. जुनं पान फाडून टाका, मी म्हणालो. "तसं करता येत नाही," त्या म्हणाल्या. "नवं पान मागे लावायचं, असा नियम आहे." त्यांनी कागदाला दोन भोकं पाडली आणि तो फाइलीत अडकवला. आता फाइल उघडणाऱ्याला आधी मिलिंदचंच नाव दिसेल, माझ्या अक्षरात. त्याने पान उलटलं, तर माझं.