अर्लसाहेबांचा धाकटा बर्ट्राम

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधेमधे हसलात की माझी लिंक तुटते. चहात साखर कमी आहे हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी नीलिमाला सांगितलंय आणि नीलिमाने डबा वरच्या कपाटात ठेवलाय. गोडाची भरपाई मी गोष्टीत करतो.

तर माझ्या स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्याच घरी, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर मी असा काही पराक्रम केला की आजही ऋजुता कोणाशी माझी ओळख करून देताना आधी एक मोठा श्वास घेते. तुमच्यापैकी अर्ध्यांना वरवर माहीत आहेच. आज आतून सांगतो.

मला नाद आहे ब्रिटिश उमराव घराण्यांच्या वंशावळींचा. कोणी क्रिकेट बघतं, कोणी शेअर बाजार बघतं, मी ड्यूक बघतो! इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीत जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एक उशीएवढं जाड वंशावळीचं पुस्तक मिळालं, आणि तिथून जे लागलं ते लागलंच. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. झोपेतून उठवून विचारा. अर्लच्या धाकट्या मुलाला 'लॉर्ड' म्हणतात? अजिबात नाही! तो नुसता 'ऑनरेबल'. लॉर्ड म्हणवून घ्यायचं तर बाप मार्क्विस तरी हवा. आणि किताब, वाडा, जमीन सगळं थोरल्याला. धाकट्यांनी सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं, नाहीतर बोटीत बसावं.

हे सगळं मी ऑफिसात लंचला सांगतो, त्यामुळे मला बहुतेक वेळा एकट्याला टेबल मिळतं.

अशात एक दिवस ऋजुता म्हणाली, "बाबा, आई, आय वॉन्ट यू टू मीट समवन. कालेब वेदरकोट."

नीलिमाने विचारलं, "जेवतो काय?"

मी विचारलं, "कोणते वेदरकोट?"

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? आपल्याकडे स्थळ आलं की घराणं बघतातच ना? पुण्यात असतो तर एका दुपारीत सगळं कळलं असतं. मूळ गाव कुठलं, मामा कोण, आजोबा कशात होते, चुलत्यांचं आणि त्यांचं बोलणं आहे की बंद आहे. इथे कोणाला विचारणार? पण वेदरकोट म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले, कारण अर्ल ऑफ हॉर्नमूर या घराण्याचं आडनाव वेदरकोट! किताबाचं नाव वेगळं आणि आडनाव वेगळं असतं, हे सामान्य माणसाला माहीत नसतं. मला होतं.

पहिल्यांदा आम्ही त्यांच्या घरी गेलो. कॅरीपासून तासाभरावर त्यांचं जुनं तंबाखूचं शेत आहे, आता रताळी लावतात. कालेबचे वडील जिम. मी त्यांना मनातल्या मनात जिमरावच म्हणतो. माणूस साधा, हातात फावडं आणि तोंडावर हसू. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा मोठा फोटो होता आणि खाली पितळी पट्टीवर नाव कोरलेलं: हॅरल्ड बर्ट्राम वेदरकोट.

आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला.

बघा हं. मुलाचं पूर्ण नाव कालेब जेम्स वेदरकोट. बाप कोण? जिम, म्हणजे जेम्स. जेम्सचं पूर्ण नाव जेम्स हॅरल्ड वेदरकोट. बाप कोण? हॅरल्ड. मग हॅरल्ड बर्ट्राम वेदरकोट, याचा बाप कोण? सांगा की! लहान पोर सांगेल! मी विनायक दत्तात्रय सबनीस, दत्तात्रय माझे वडील. मधलं नाव म्हणजे बाप, हे शाळेच्या हजेरीपासून आपल्या अंगात मुरलंय. त्याला काय वेगळा पुरावा लागतो?

घरी आलो, बूट न काढता पुस्तक उघडलं. आणि सापडला! अर्ल ऑफ हॉर्नमूर यांचे धाकटे चिरंजीव, ऑनरेबल बर्ट्राम वेदरकोट. पुढे एवढंच, की अमेरिकेस प्रयाण, अधिक माहिती नाही. त्यांना अधिक माहिती नव्हती. मला होती! काळही बरोबर जुळत होता. इंग्लंडला जो माणूस सापडला नाही तो मला रताळ्यांच्या शेतात सापडला होता.

नीलिमा म्हणाली, "अरे, त्यांना एकदा विचारून तर घे."

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"सरप्राइज त्यांना होईल की आपल्याला, हे बघ म्हणजे झालं."

मी दुर्लक्ष केलं. अर्लपासून कालेबपर्यंत पाच पिढ्यांचा वंशवृक्ष काढला, चांगल्या जाड कागदावर छापून घेतला, सोनेरी फ्रेम केली, वर दोन सिंह. तुम्हा सगळ्यांना फोन करून सांगितलं, आठवतंय ना? "आमचे व्याही अर्लच्या घराण्यातले निघाले." सुहास, तू तर मला म्हणालास, "अबे, मग आता तुला मुजरा करायचा का?" मी तेव्हा नको म्हणालो, पण मनातून हरकत नव्हती.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळा जीव तिच्यात अडकला होता. त्या घरात कर्त्या डॉरथीआजी. हॅरल्डची बायको, नव्वदीला टेकलेल्या, बोलणं कमी आणि बघणं जास्त. त्यांच्या बोटात त्यांच्या लग्नातली अंगठी आहे. ती अंगठी आजी ज्या नातसुनेला स्वतः काढून देतील तीच त्या घरची. दोन नातसुना आधी आलेल्या होत्या आणि अंगठी आजींच्याच बोटात होती! ऋजुताला त्या खड्याचं काही नव्हतं. पण या घरात आपण पाहुणी नाही हे तिला एकदा आजींच्या तोंडून ऐकायचं होतं. गाडीत ती मला म्हणाली, "बाबा, प्लीज, आज फक्त जेवा." एवढंच मागितलं पोरीने.

साखरपुडा छान झाला. नीलिमाने पेढे वाटले, जिमरावांनी कुंकू लावून घेतलं, कालेब शेरवानीत गुदमरत का होईना, हसत होता. मग सगळे टेबलाशी बसले आणि मी चमच्याने पेला वाजवला.

ऋजुता हळूच म्हणाली, "बाबा, डोन्ट."

मी उठलो. संभाषण सगळं इंग्रजीत झालं, पण तुम्हाला मराठीत सांगतो, कारण लाज मराठीत जास्त स्पष्ट वाटते. मी फ्रेमवरचं कापड काढलं आणि म्हणालो, "मित्रहो, तुम्ही स्वतःला साधे शेतकरी समजता. पण तुमच्या अंगात अर्ल ऑफ हॉर्नमूर यांचं रक्त आहे! कारण हॅरल्ड यांचे वडील होते त्या अर्लचे धाकटे चिरंजीव, बर्ट्राम!"

सगळ्यांनी आधी फ्रेमकडे पाहिलं, मग जिमरावांकडे.

जिमराव डोकं खाजवत म्हणाले, "विनायक, माझ्या आजोबांचं नाव क्लाइड होतं."

इथे दुसरा कोणी असता तर खाली बसला असता. पण माझा अभ्यास होता ना! मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "हो, क्लाइड यांनी सांभाळ केला असेल. मोठ्या मनाचा माणूस. पण जन्मदाते बर्ट्रामच. नावातच आहे. अशा गोष्टी मोठ्या घराण्यांत होतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही."

जिमरावांची बहीण घास हातात धरून थांबली. कालेब लालबुंद. नीलिमाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तोही टाचेने.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून डॉरथीआजींचा आवाज आला. "तुला बर्ट्रामबद्दल कोणी सांगितलं?"

बघा! मी सगळ्यांकडे विजयाने पाहिलं. "आजींना ठाऊक आहे! आजी, तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे? मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारा झाला होता. मागच्या बार्नमध्ये असायचा."

"बार्नमध्ये! गवताच्या कोठारात! अर्लचा मुलगा!" मी पाहुण्यांकडे वळलो. "मी म्हणतो ना, धाकट्या मुलांचे फार हाल."

"क्लाइड त्याच्याकडून शेत नांगरून घ्यायचा."

"अरेरे! आणि बदल्यात?"

"पोटभर खाणं आणि रविवारी आराम."

खोटं नाही सांगत, मला भरून आलं. "स्वभावाने कसे होते?"

"हट्टी. मनात नसलं की जागचा हलायचा नाही. क्लाइडला दोनदा चावला."

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी कळायला हवं होतं. पण मला वाटलं, हा इथल्या गावाकडचा वाक्प्रचार असेल. तीस वर्षं इथे राहूनही मला अर्ध्या बोलण्याचा अर्थ नंतर शोधावा लागतो. मी म्हणालो, "राजरक्त आहे आजी, अपमान सहन होत नाही. आणि दिसायला?"

"देखणा होता. उंच. डोळे मोठे, कान मात्र एवढे." आजींनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. वांगं मोजावं तसं नाही, दुधी भोपळा मोजावा तसं!

नीलिमा दातांतून म्हणाली, "विनायक, खाली बस."

जिमराव उठले. आतल्या खोलीतून एक जुना फोटो काढून आणला आणि माझ्या सोनेरी फ्रेमला टेकवून ठेवला. फोटोत टोपीवाले क्लाइड उभे, आणि शेजारी, त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे तुच्छतेने बघणारं एक खेचर. खाली लिहिलेलं, क्लाइड आणि बर्ट्राम.

मी खाली बसलो. खुर्ची कुठे आहे हे न बघता बसलो, ती होती हे माझं नशीब.

आता हिशोब करा. कालेबच्या पूज्य पणजीबद्दल मी भर टेबलावर काय बोललो होतो, आणि कोणाच्या बाबतीत! बरं, खेचराला संतती होत नाही हे मी शाळेत शिकलो होतो. म्हणजे इतिहास, शिष्टाचार आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांत मी एकाच वेळी नापास झालो होतो. ऋजुताचे डोळे भरले होते. ती माझ्याकडे बघतही नव्हती, आजींच्या हाताकडे बघत होती. अर्ल गेला खड्ड्यात, पोरीची अंगठी माझ्या तोंडाने घालवली असं वाटलं.

मी उठून आजींजवळ गेलो आणि म्हणालो, "माफ करा. आमच्याकडे मधलं नाव वडिलांचंच असतं. मला वाटलं, जगात सगळीकडे तसंच."

आजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या! इतक्या हसल्या की जिमरावांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हॅरल्डचा जन्म व्हायचा होता त्या दिवशी दाईला आणायला क्लाइडने बर्ट्रामला गाडीला जुंपलं. तो अर्ध्या वाटेत अडून बसला. दाई पोचली तेव्हा हॅरल्ड पाळण्यात झोपलेला. सासूबाई म्हणाल्या, त्या अडेलतट्टूचंच नाव पोराला द्या, सगळ्यांना जन्मभर आठवण राहील. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. बाळ जन्मतं तेव्हा कुटुंबात सगळ्यात हट्टी जो असेल, त्याचं नाव मधे. जिमच्या वेळी हॅरल्डच होता. कालेबच्या वेळी जिम."

जिमरावांनी मान खाली घातली. त्यांच्या बायकोने मान वर केली.

मग आजींनी ऋजुताला जवळ बोलावलं आणि अंगठी ओढायला लागल्या. निघेना. कालेबच्या आईने लोणी आणलं, तेव्हा निघाली. पोरीच्या बोटात घालत आजी म्हणाल्या, "या घरात आजवर कोणी आमच्या माणसांची एवढी चौकशी केली नव्हती. चूक केली, पण केवढ्या मेहनतीने केली! तू आमचीच ग." ऋजुता रडली, नीलिमा रडली. मी लगेच म्हणालो, "म्हणजे तसं बघितलं तर माझा चार्ट उपयोगी पडला." नीलिमाने पुन्हा टाच दिली.

गेल्या महिन्यात ऋजुताला मुलगा झाला. तेच सांगायला तर तुम्हाला बोलावलं, पेढे घ्या ना! आणि नाव काय ठेवलंय माहितीये? हेन्री विनायक वेदरकोट! दवाखान्यात मला गहिवरून आलं. मी नर्सला सांगितलं, लिफ्टमधल्या माणसाला सांगितलं, पार्किंगवाल्याला सांगितलं की माझ्या नातवाचं मधलं नाव माझं आहे!

गाडीत बसल्यावर नीलिमा म्हणाली, "त्यांच्यातली मधल्या नावाची रीत आठवते ना?"

मी गाडी सुरू केली. काल व्याह्यांकडे गेलो होतो. माझी सोनेरी फ्रेम अजून दिवाणखान्यात आहे. आजींनी त्यातले अर्ल आणि सिंह काढून टाकलेत आणि फक्त दोन फोटो लावलेत, एक बर्ट्रामचा आणि एक माझा. खाली दोघांची नावं ठळक लिहिलीत, पाहुण्यांचा गोंधळ व्हायला नको म्हणून.