बूट, बर्फ आणि ओसरीवरचा फळा

आमच्या दाजींना वालूरात सगळे मेजर म्हणतात. फौजेत ते लंगरात स्वयंपाकी होते, पण आमच्याकडे फौजेतून जो कोणी सुटून येतो तो मेजरच असतो. त्याखालचं पद गावाला मान्य नाही, आणि दाजींनीही ही बढती कधी नाकारली नाही.

मी शाळेतून निवृत्त झालो त्याच वर्षी निवडणूक झाली. मास्तरकी सुटली तरी तपासायची खोड सुटत नाही. निवडून आलेल्या पक्षाचा जाहीरनामा दाजींनी जपून ठेवला होता. त्यातलं संरक्षणाचं पान त्यांनी माझ्यापुढे टाकलं. "गुर्जी, पोरायचे पेपर लय तपासले. आता हे तपासू."

शाळेच्या मोडीतून आणलेला फळा माझ्याकडे होता. तो अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या ओसरीवर टांगला. डावीकडे आश्वासनं लिहिली: नवी पाणबुडी, सीमेवरचा रस्ता, जवानांना थंडीचे बूट, असं बरंच काही. उजवीकडे तीन रकाने: केलं, चालू हाय, थाप.

नियम दाजींचे, आणि फार कडक. नुसती घोषणा धरायची नाही. उशिरा केलं तर अर्धा गुण. आणि नारळ फोडला म्हणजे काम झालं असं नाही. एकदा त्या पक्षाचा कार्यकर्ता आला, फळा पाहून खूश झाला आणि रस्त्याच्या भूमिपूजनाचा फोटो मोबाईलवर दाखवू लागला. दाजींनी फोटो मोठा करून पाहिला. "ह्याच्यात नारळ दिसायलाय. रस्ता कुठाय?" कार्यकर्ता अर्धा चहा ठेवून निघून गेला.

अडचण एवढीच होती की वालूरात बसून पाणबुडी तपासायची कशी? आमच्याकडे विहिरीत सूर मारणारे आहेत, त्यापलीकडे समुद्राशी कोणाचा संबंध नाही. दाजींचा पुतण्या मात्र सीमेवर आहे. त्याला दर रविवारी फोन. रस्ता झाला का? "काका, सांगता येत न्हाई." बूट मिळाले का? "काका, सांगता येत न्हाई." बरं, तू कुठं हायस? "काका!"

शेवटी चौथा रकाना आखावा लागला: सांगता येत न्हाई. महिनाभरात जवळजवळ सगळी आश्वासनं त्यात जाऊन बसली. मी फार चिडलो. असला पेपर मी जन्मात तपासला नव्हता. पोरगं उत्तरही लिहीत नाही आणि त्याला नापासही करता येत नाही.

दिवाळीला पुतण्या सुट्टीवर आला तो थंडीचे बूट घालूनच. दाजींनी ते उतरवून घेतले, आत हात घातला, वास घेतला. 'केलं'मध्ये गेलेलं हे पहिलं आश्वासन. पण एक हिवाळा उशिरा, म्हणून अर्धा गुण.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी पाहतो तर फळ्यावर सगळ्यात खाली नवी ओळ. अक्षर अक्काचं. "बर्फ दाखवीन."

लग्न झालं तेव्हा दाजींची नेमणूक बर्फात होती. पहिल्या सुट्टीला आल्यावर त्यांनी अक्काला शब्द दिला होता की फौजेतून सुटलो की तुला बर्फ दाखवीन. त्याला चाळीस वर्षं झाली. अक्कानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. सख्खा भाऊ असून मी सरकारचा हिशेब विचारत बसलो होतो, याची मला लाज वाटली.

दाजींनी घाईघाईनं खडू उचलला आणि स्वतःला चौथ्या रकान्यात टाकलं. "फौजेतली बात हाय. सांगता येत न्हाई."

अक्कानं ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि 'थाप'खाली फुली मारली. "गुडघे दुखायलेत माझे. आणखी दोन वर्सांनी काय डोलीत बसवून नेणार हाव?" एवढं बोलून ती आत गेली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दाजी सेलूहून रिक्षा करून आले. पोत्यात, भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी! वालूर येईस्तोवर ती निम्मी रस्त्यात गळून गेली होती. उरलेली त्यांनी ओसरीवर मुसळानं कुटली, अक्काच्या डोक्यात आपली माकडटोपी घातली आणि चुऱ्याची मूठ तिच्यावर उधळली. "बघ, बर्फ पडायलाय!"

अक्का हसून हसून खाली बसली. शेजाऱ्यांची शेळी येऊन बर्फ चाटून गेली. मग अक्कानं टोपी काढली, डोळे पुसले आणि म्हणाली, "हे नारळ फोडल्यात जमा."

नियम दाजींचाच होता, करतात काय? मे महिन्यात दोघं परभणीहून गाडीत बसले. मला फळ्याची राखण. काही दिवसांनी अक्काचा फोन आला तेव्हा मी तपासनिसाच्या आवाजात विचारलं, "पुरावा?"

"भाऊ, पायाखाली करकर वाजायलंय. तूच ऐक," ती म्हणाली आणि तिनं फोन खाली धरला. मला काहीएक ऐकू आलं नाही. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

परत आल्यावर दाजी हातातली पिशवीही न ठेवता फळ्यापाशी गेले. फुली पुसली आणि 'केलं'खाली स्वतःला अर्धा गुण दिला. "उशीर लय झाला," ते हळूच म्हणाले. अक्कानं त्यांच्या हातातून खडू घेतला, अर्धा पुसला आणि पुरा एक मांडला.

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "अक्का, मग बुटाचाबी गुण पुरा करावा लागंल. नियम सगळ्याला सारखा."

"का म्हणून?" अक्का म्हणाली. "सरकारनं काय चाळीस वर्सं माझ्यासंगं संसार केलाय?"

बूट अर्ध्यावरच राहिले.