तिसऱ्या हाकेला

तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या छातीवर एकही पीस नव्हतं. सोललेल्या कोंबडीसारखी कातडी, वर करडं डोकं आणि मागे लालभडक शेपूट. आफ्रिकन पोपट. ठाकुर्लीला एकटी राहणारी एक म्हातारी वारली आणि हा मागे उरला. अशा निराधार पक्ष्यांना घर शोधून देणाऱ्या एका मुलीने त्याला माझ्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. मी नुकतीच निवृत्त झालेली, सोबतीला म्हातारी आई. हौस माझी. आईने "विकतचं दुखणं" म्हणून आधीच हात झटकले होते.

चावरा होता. माझं बोट फोडलं, पडदा कुरतडला. त्याचं मला फारसं काही नव्हतं. मला धसका होता तिन्हीसांजेचा. आई देवाजवळ दिवा लावायला उठली की पिंजऱ्यातून एका बाईचा थकलेला आवाज यायचा, "कोणी आहे का?" थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा, अगदी क्षीण. त्यानंतर तो स्वतःची उरलीसुरली पिसं उपटायला लागायचा, रक्त येईपर्यंत.

"मावशी, ओरडला की अजिबात लक्ष द्यायचं नाही हां," ती मुलगी फोनवर बजावायची. "तुम्ही गेलात की त्याला कळणार, ओरडलं की माणूस येतं. गप्प बसला की मग जा आणि खाऊ द्या."

मी ते मनापासून केलं. कागदाच्या पुड्यांत सूर्यफुलाच्या बिया बांधून दिल्या, फाडायला झावळीचे तुकडे दिले. दिवसा तो शहाण्यासारखा रमायचा. संध्याकाळी मी दात आवळून भाजी चिरत बसायचे.

आई रत्नागिरीकडची. अवेळी हाक आली तर लगेच ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेची वाट बघावी, कारण भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही, हे तिच्या माहेरचं शास्त्र.

"हा तीनदा मारतो गं," ती म्हणायची. "म्हणजे माणूसच."

"आई, पोपट आहे तो."

"हाक पोपटाची नाही."

मी तिच्यावर चिडायचे. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायची, आणि ती कबूल करायची लाज वाटायची.

जखम चिघळली. ठाण्याचे पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, उपटणं थांबलं नाही तर हा जगायचा नाही. शेवटी त्या मुलीकडून पत्ता घेऊन मी ठाकुर्ली गाठली. म्हटलं, ती बाई संध्याकाळी त्याला काय द्यायची, पिंजरा कुठे ठेवायची, एवढं तरी कळेल. तिच्या दाराला कुलूप होतं. मी शेजारची बेल दाबली. गाऊनवर ओढणी घेतलेली एक बाई बाहेर आली.

"तो पोपट? काय बोलायचा ओ! मावशींचा आवाज एकदम सेम टू सेम. आम्ही तर नेहमी फसायचो." हसता हसता ती थांबली. "मावशी बाथरूममध्ये पडलेल्या ना, तेव्हापण आवाज येत होता. कोणी आहे का, कोणी आहे का. आम्हाला वाटलं, पोपटच बोलतोय. मिस्टर बोलले पण, आज लय बडबडतोय हा."

तिने दाराची कडी घट्ट धरली होती.

"दुसऱ्या दिवशी आवाज बंद झाला, ताई. आम्हाला बरं वाटलेलं."

पिंजऱ्याची चौकशी तशीच राहिली. घरी आले तोवर आई दिवा लावत होती. मी सवयीने भाजी चिरायला बसले. पहिली हाक आली. दुसरी आली. तिसऱ्या हाकेला मी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "आहे गं. मी आहे. आले." आणि खरोखरच उठून पिंजऱ्याशी गेले. चोचीत धरलेलं पीस त्याने सोडून दिलं आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला.

पोपट आणून देणारी ती मुलगी वैतागली. "मावशी, सगळी मेहनत पाण्यात!" नियमाने तिचंच बरोबर होतं. तो आता दिवसातून कितीदाही हाक मारायचा, आणि दरवेळी मी नाहीतर आई ओ देऊन उठायचो. पण उपटणं थांबलं. हळूहळू छातीवर करडी लव आली, मग पिसं.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी कल्याणला लग्नाला गेलो होतो. परतल्यावर समोरच्या वहिनींनी जिन्यात विचारलं, "पाहुण्या आल्यात वाटतं? दुपारभर दोघी बोलत होत्या."

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर मी कुलूप लावून बाहेरच उभी राहिले, दाराला कान लावून. बऱ्याच वेळाने आतून त्या वारलेल्या बाईचा आवाज आला, "कोणी आहे का?" मग माझा, माझ्याच हेलात, "आहे गं. मी आहे. आले."

पोपट बरा झाला होता. मी मात्र पायरीवर बसून रडले. त्या बाईला अखेर ओ मिळाली होती, पण रिकाम्या घरात, आणि "आले" म्हणूनही तिच्याकडे कोणीच जात नव्हतं.