मागच्या रांगेतून गेलेली चिठ्ठी

मिलिंद गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. डांगे चौकात मेथीची जुडी निवडत होतो. खिशातला फोन सारखा थरथरायला लागला, तेव्हा वाटलं कुणाचा तरी वाढदिवस असणार. निवृत्त माणसांच्या ग्रुपवर दोनच गोष्टींना एवढी गर्दी होते. उघडून बघितलं तर मिलिंदचा फोटो. सर्व्हिस बुकावरचा असावा तसा, सरळ बघणारा, न हसणारा. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेत आमच्या माजी साहेबांचा मजकूर : 'एक प्रामाणिक सहकारी गमावला.' मी जुडी परत ठेवली. भाजीवाली म्हणाली, "काय झालं काका, कवळी नाही का?" राग आला होता... त्या 'प्रामाणिक' शब्दाचा. दीड महिना झाला, तो उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

चाकण पट्ट्यातलं सांडपाणी उपसून शुद्धीकरणाला पाठवणाऱ्या एका सरकारी संस्थेत आम्ही चोवीस वर्षं एकत्र होतो. मिलिंद अभियंता, मी आस्थापनेचा अधीक्षक, म्हणजे कागद सांभाळणारा. खरं तर कागद सांभाळावेत ते त्यानेच. वडील पिंपरीच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबलेले, थेरगावात दोन खोल्या, आणि घरातला हा पहिला इंजिनिअर. प्रत्येक कागदावर जावक क्रमांक घातल्याशिवाय तो टेबलावरून हलू द्यायचा नाही. साहेबांना नुसती आठवण करून द्यायची असली तरी त्याचं पत्र, त्याला नंबर, त्याची पोच. मी म्हणायचो, "अरे, मुलीच्या लग्नपत्रिकेवरही जावक क्रमांक घालशील तू." तो म्हणायचा, "घालेन की. अनिलराव, तुम्ही तोंडी सांगितलं तर लोक ऐकतात. आम्हाला नंबर लागतो." हे तो हसत म्हणायचा, आणि मीही हसायचो. त्यातलं 'तुम्ही' आणि 'आम्ही' मी कधी नीट ऐकलंच नाही.

दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. त्याच्या डब्यात बहुतेक वेळा सुकट असायची आणि मी ती खात नाही, म्हणून सुजातावहिनी माझ्यासाठी एक वेगळा छोटा डबा द्यायच्या, हिरव्या झाकणाचा. त्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्या बायकोचा स्वयंपाक उत्तम आहे, पण त्या चटणीवर माझा हक्क आहे अशा थाटात मी ते झाकण उघडायचो.

निघोज्याच्या बाजूला आमचं एक उपसा केंद्र होतं. तिथे तीन पंप. त्यातले दोन बंद पडले आणि बंदच राहिले. उरलेल्या एकाला झेपेना, म्हणून सांडपाणी ओढ्यात जायला लागलं आणि ओढ्यातून वस्तीवरच्या विहिरीत. तिथल्या हौसाबाई एकदा तांब्यात ते पाणी घेऊन ऑफिसात आल्या. मिलिंदच्या टेबलावर तांब्या ठेवून म्हणाल्या, "सायेब, ह्ये बगा. जनावरंबी तोंड लावीत न्हाईत. आमी काय करावं?" मिलिंदने तांब्यात नाक घातलं आणि जावक नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाला, "मावशी, मी वर लिहितो." त्याने लिहिलं. चौदा महिन्यांत नऊ पत्रं, सगळी नंबर घातलेली. उत्तर एकाचंही आलं नाही.

मग विधिमंडळाच्या समितीने आमच्या संस्थेची साक्ष लावली. आमदारांची ही समिती सरकारी संस्थांच्या प्रमुखांना समोर बसवून कारभाराचा जाब विचारते. मिलिंदला केवढा आनंद झाला होता... मुंबईला जाताना जीपमध्ये म्हणाला, "राव, लोकांनी निवडून दिलेली माणसं विचारणार आहेत. तिथे खोटं बोलायची कुणाची टाप आहे?" त्या दालनाची एक रीत आहे. बोलायचं ते फक्त संस्थेच्या प्रमुखाने. बाकीच्यांनी मागच्या रांगांत फायली मांडीवर घेऊन बसायचं आणि साहेब अडले की चिठ्ठी पुढे सरकवायची. माझी खुर्ची साहेबांच्या पाठीमागे होती, मिलिंदची माझ्या मागे.

एका महिला आमदारांनी विचारलं, "निघोज्याच्या केंद्रावरचे तिन्ही पंप चालू आहेत का? हो किंवा नाही, एवढंच सांगा." साहेब जरा थांबले. माझ्या खांद्यावर बोट टेकलं. मिलिंदची चिठ्ठी. ती पुढे देताना मी वाचली : 'दोन पंप चौदा महिने बंद. पाणी ओढ्यात जाते. नऊ पत्रे दिली आहेत.' साहेबांनी ती वाचली, व्यवस्थित घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "तिन्ही चालू आहेत, महोदया." मला वाटलं, मिलिंद उठून उभा राहील. तो उठला नाही. रीत मोडायची त्याच्या अंगातच नव्हती. परतीच्या वाटेवर खालापूरला चहाला थांबलो तेव्हा त्याने हळूच विचारलं, "तुम्ही वाचली ना?" मी म्हणालो, "वाचली." तो म्हणाला, "बस झालं."

पुढच्या महिन्यात समिती न सांगता केंद्रावर जाऊन उभी राहिली. खोटं उघडं पडलं. आता साहेबांची खैर नाही असं आम्हाला वाटलं, पण साहेब आमच्यापेक्षा शहाणे निघाले. त्यांनी लेखी दिलं की संबंधित अभियंत्याने आपल्याला चुकीची माहिती पुरवली. मिलिंदची नऊ पत्रं साहेबांच्या टेबलावरून कधी नाहीशी झाली, कुणास ठाऊक. त्याच्या जावक नोंदी होत्या, पण पोचेची वहीही गायब झाली आणि 'पत्रे प्राप्त नाहीत' असा शेरा आला. आणि चिठ्ठी? आयुष्यभर कागदाला नंबर घालणाऱ्या माणसाने सगळ्यात मोठा कागद बिननंबरी, माझ्या हातून दिला होता. समितीने तीव्र नाराजी नोंदवली, दोषीवर कारवाईची शिफारस केली आणि ती पुढच्या विषयाकडे वळली. दोषी म्हणून मिलिंद सापडला होता. चौकशी झाली, तो खालच्या पदावर गेला, बदली भांडारात. साहेब दुसऱ्या, मोठ्या संस्थेवर गेले.

चौकशीत मला कुणी बोलावलं नाही. हे वाक्य मी सहा वर्षं स्वतःला ऐकवत आलोय. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, पेन्शनचे कागद साहेबांच्या सहीसाठी गेले होते. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं... असं मी म्हणायचो. मिलिंद भेटला की तो मुलीचं, पावसापाण्याचं बोलायचा. भांडारात नट-बोल्ट मोजून त्यांनाही नंबर घालतो म्हणायचा. तब्येत खालावत गेलेली दिसत होती. एका सकाळी अंघोळीला गेला, तो तिथेच कोसळला.

पंधरा दिवसांनी थेरगावला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि चौकशीची फाईल समोर आणून दिली. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला कागदातलं कळतं. बघा, काही ठेवण्यासारखं आहे का." त्यात त्याच्या निवेदनाचा कच्चा मसुदा होता. 'बचावासाठी साक्षीदार असल्यास त्यांची नावे' या ओळीपुढे माझं नाव होतं. त्यावर एक सरळ रेघ, आणि पुढे त्याच्या टपोऱ्या अक्षरात : 'निरंक'.

मी विचारलं, "नाव का खोडलं त्याने?"

वहिनी म्हणाल्या, "मी भांडले होते त्यांच्याशी. तर म्हणाले, अनिलरावांना माहीत आहे. यायचे असतील तर आपणहून येतील. ओढून आणलेला साक्षीदार काय कामाचा?" मग त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "सुनावणीच्या दिवशी दोन डबे करायला लावले त्यांनी मला. संध्याकाळी तुमचा तसाच परत आला. मी काही विचारलं नाही."

रडू आलं नाही. यायला हवं होतं. आता मी म्हणतो, चिठ्ठी मी वाचली होती. साहेबांनी ती वाचली होती. मिलिंदने खरं सांगितलं होतं. पण हे ऐकायला ना समिती बसली आहे, ना मिलिंद. गेल्या आठवड्यात निघोज्याला जाऊन आलो. एकच पंप चालू आहे. हौसाबाईंच्या घरी आता पाण्याचे विकतचे जार येतात. त्यांनी विचारलं, "त्ये लिवनारं सायेब कुटं हायती?"

त्या दिवशी थेरगावहून निघताना वहिनींनी तो डबा माझ्या हातात ठेवला. आमच्याकडे तो स्वयंपाकघरात मांडणीवर आहे, हिरवं झाकण लावून. बायको दोनदा म्हणाली, रिकामाच कशाला ठेवायचा, यात काहीतरी भरून ठेवू का. मी नको म्हणालो. कारण तिलाही यातलं अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी पेपरात हे छापून आलं की ती वाचेल.