इतिहासातून गाळलेलं बळद

ऐन उन्हाळा होता. मी तेव्हा सावनेरकडच्या एका लहान गावात ठाणेदार होतो. एके सकाळी एक मुलगी आई बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन आली. तिची विधवा आई नागपूरला सक्करदऱ्यात राहायची. आदल्या दिवशी ती आमच्या गावात माहेरी आली होती आणि तेव्हापासून फोन बंद होता. मामा म्हणत होता, संध्याकाळच्या बसने परत गेली.

हे माहेर म्हणजे गावाचा अभिमान. कापसाच्या एका व्यापाऱ्याने बांधलेलं, सागवानी खांबांचं दुमजली घर. पाहुणा ते न बघता गेला तर गावाला राग यायचा. हरवलेल्या बाईंचा थोरला भाऊ, म्हणजे त्या मुलीचा मामा, तिथे एकटाच राहायचा. शाळेची सहल असो की नागपूरचे पाहुणे, येईल त्याला तो घराचा इतिहास सांगत घर दाखवायचा. गावात त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. बहिणीला मात्र घर विकून आपला हिस्सा हवा होता.

स्टेशन डायरीला नोंद करून मी निघालो. घरासमोरच्या पानठेलेवाल्याने हळूच सांगितलं, "बाईले आत जाताना मी पाह्यलं, साहेब. निघताना नाही पाह्यलं, अन् मी तर इथंच बसून राहिलो होतो."

आम्ही खोल्या पाहिल्या, विहिरीत गळ टाकला. काहीच सापडलं नाही. भाऊसाहेबांना ओसरीवर बसवून विचारपूस सुरू केली. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "मले मालूम नाही." असा माणूस दरडावल्याने आणखी मिटतो, हा माझा अनुभव. मी बहिणीचा विषयच सोडला.

"भाऊसाहेब, आलोच आहोत तर घर तरी दाखवा."

त्यांचा चेहरा खुलला. खांब कुठून आणले, गादीवर कोण बसायचं, सगळं घडाघडा सांगत त्यांनी आम्हाला फिरवलं. मला वाटलं, डाव फुकट गेला.

सोबतची महिला शिपाई त्याच गावची. ती माझ्या कानाशी आली. "सर, यायनं बळद दाखवलंच नाही. आमच्या शाळेले तर सगळ्यात आधी तेच दाखवलं होतं."

बळद म्हणजे जाड भिंतीतली धान्य साठवायची बंद पोकळी. खाली वाकून शिरण्यापुरतं दार. ते कुठे होतं, हे तिला आठवेना, लहानपणचा नुसता अंधार आठवत होता. बाहेर अंगाची लाही होत होती. आत कोणी असेल तर भिंती ठोकत बसायला वेळ नव्हता. मी घाबरलो होतो, पण आवाज चढवला नाही.

"बहीण जिवंत असेल तर अजून काही बिघडलेलं नाही. मला बळद दाखवा." असं आश्वासन द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

ते जिन्याखाली गेले आणि तिथल्या लाकडी कपाटाला खांदा लावून ढकलू लागले. वेळ जाऊ नये म्हणून आम्हीही भिडलो. मागे दार होतं, बाहेरून कडी घातलेली. दाराशीच बाई बेशुद्ध पडल्या होत्या. श्वास चालू होता.

जबाबात भाऊसाहेबांनी सांगितलं, "घर विकायचंच म्हणे. आईची तांब्याची भांडी आत आहेत, पाहून घे म्हटलं. वाकली तशी कडी घातली. रातभर राहू दे, डोकं ठिकाणावर येईल, असं वाटलं. सकाळी कडीवर हात ठेवला, साहेब. पण उघडल्यावर तिले तोंड कसं दाखवू? मंग कपाट सरकवलं."

बाई वाचल्या, भाऊसाहेबांवर गुन्हा दाखल झाला आणि खटला चालला. माणूस मारायला राग किंवा लोभ लागतो, असं मी तोवर धरून चालायचो. इथे राग सकाळपर्यंत ओसरला होता. तिचा जीव घ्यायला निघाली होती ती त्याची लाज. पुढे नोकरीत कोणाचीही चौकशी करताना त्याला मागे फिरायला थोडी जागा ठेवायची, हे मी त्या दिवशी शिकलो.

दवाखान्यात बाईंचा जबाब घेताना मी त्यांना भावाचं हे सगळं म्हणणं सांगितलं.

"सकाळी त्यानं कडी काढली असती ना, साहेब," त्या म्हणाल्या, "तर मी म्हटलं असतं, दार अडकलं होतं. पोरीलेही तेच सांगितलं असतं."